मामांचा मचवा पंचांगावर चालायचा

तुम्हाला वाटतं मचवा शिडानं चालतो, नाहीतर वल्ह्यानं. माझ्या मामांचा मचवा पंचांगावर चालायचा.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. दाभोळला मंगलोरी कौलांनी भरलेला मचवा उभा होता. ती कौलं वाशिष्ठीच्या खाडीतून आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटला न्यायची होती. सकाळचे नऊ वाजून गेले तरी मामा आपले चहा फुंकत बसलेले. ‘कधी निघायचं?’ असं मी दहादा विचारल्यावर म्हणाले, ‘‘आज तिथी कुठली?’’

‘‘चतुर्थी.’’

‘‘चाराची पाऊणकी?’’

‘‘तीन!’’

‘‘मग भरती तीनला पुरी. आत्ता सुकती संपतेय. पाणी समुद्राकडे जात असताना त्याच्याशी कुस्ती कशाला?’’

शाळेत छड्या खाऊन पाठ केलेली पाऊणकी इथे कामी येईल, हे गुरुजींनी कधी सांगितलं नव्हतं. अमावास्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर भरती बाराच्या सुमारास पुरी होते. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, तशी भरतीही पुढे सरकते. म्हणून तिथीची पाऊणपट करायची. हिशेब ढोबळ, पण मचव्याला पुरतो.

तोवर मी चिखल बघत बसलो. चिखलावर निवटी चालत होती. हो, चालत! मासा असून पुढच्या परांवर रेटा देत, डोक्यावरचे बटबटीत डोळे फिरवत. कातडी ओली असली की तिला कातडीतूनही श्वास घेता येतो, म्हणून ती पाण्याबाहेर इतकी बिनधास्त.

पाण्यावरून एक आंब्याचं पान समुद्राकडे वाहत चाललं होतं. ते थबकलं. जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि हळूच उलटं, डोंगराकडे निघालं. मामांनी कप विसळला. ‘‘उचला नांगर.’’

मग कौलांनी लादलेला तो मचवा जवळजवळ फुकट आत निघाला. चंद्र किती लांब? सरासरी 3,84,000 किलोमीटर. तिथून तो आमची कौलं ओढत होता.

काठाला कांदळवन लागलं. मामांनी तिवराचं पान तोडून माझ्या जिभेला लावलं. खारट! मुळांकडून आलेलं जादा मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. आणि कांदळ तर त्याहून लबाड. त्याचं बी झाडावरच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लोंबत राहतं आणि मग टपकन सुटतं. खाली चिखल असला तर उभं रुततं, पाणी असलं तर तरंगत दुसरं गाव गाठतं.

पुढे वाळूवर सुसर पडली होती, जबडा वासून. मी मामांना बिलगलो. ‘‘ती रागावलेली नाही रे, अंग थंड करतेय,’’ मामा म्हणाले. तिची आणखी एक गंमत मला फार पुढे पुस्तकात कळली. अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्याच्या उबेवर ठरतं.

आम्ही चाललो होतो त्या वाशिष्ठीला कोयनेचं पाणी तेव्हा मिळायचं होतं, कोयनेची वीजच यायची होती. आता कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीला पडतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. खरं तर ते कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जायचं, पण सह्याद्रीच्या पोटातून अरबी समुद्राला येतं. निवटीइतकंच नवल हेही, नाही का?

गोवळकोटला भरती दाभोळपेक्षा उशिरा पोचते. आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा पाणी काठोकाठ होतं. मामा म्हणाले, ‘‘दोर तू बांध.’’ मी ऐटीत, गच्च आवळून गाठ मारली.

रात्री कौलं खडखडली आणि जाग आली. पाणी जवळजवळ पुरुषभर उतरलं होतं आणि मचवा माझ्या दोराला तिरका लोंबत होता. मामांनी कोयता शोधला, एका घावात दोर तोडला, आणि अंधारात मला विचारलं, ‘‘चाराची पाऊणकी तीन ना? मग ओहोटी किती वाजता?’’