विमान थर्मोकोलचे, शिवार दुर्बिणीचे

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) प्रत्येक थाळीचा व्यास ४५ मीटर आहे. अशा ३० थाळ्या तुलनेने कमी खर्चात उभ्या राहिल्या, त्या डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पक रचनेमुळे. भरीव पत्र्याऐवजी दोरांच्या आधारावर पोलादी तारांची विरळ जाळी ताणून बसवण्यात आली. वजन घटले आणि वाऱ्याचा रेटाही. रेडिओ-नियंत्रित विमान घरी बांधणाऱ्याला वाऱ्यासाठी जाळी चालणार नाही, पण कमी वजनाचे ताणलेले आवरण हे सूत्र त्याच्याही कामाचे आहे.

पंख तेच ठेवून विमानाचे वजन दुप्पट झाले, तर हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. मग उतरतानाच मोडतोड होते. बाल्सा लाकूड हलके खरे, पण महाग. थर्मोकोलचा तक्ता आणि पंखात लांबीने बसवलेली बांबूची कामटी एवढ्यावर शिकाऊ विमान उत्तम उभे राहते. रबरी सोल्युशन किंवा फवाऱ्याचा रंग मात्र थर्मोकोल विरघळवतो. तेथे पांढरा फेव्हिकॉलच हवा.

आवरणासाठी रंगीत पॅकिंग टेप सर्वांत स्वस्त. पट्ट्या पंखाच्या मागच्या कडेपासून पुढे लावत याव्यात, म्हणजे कौलांप्रमाणे पुढची पट्टी मागचीवर चढते आणि वाऱ्याने कड उचकटत नाही. पातळ फेव्हिकॉलने चिकटवलेला खाकी कागद अधिक मजबुती देतो, पण वजनही वाढवतो; तो पंखाच्या मध्यभागी आणि नाकाडावर पुरे. लाकडी सांगाड्यावर इस्त्रीने आकसणारी फिल्म चढवताना दोन्ही बाजू सारख्या ताणाव्यात, अन्यथा पंख पिळवटतो. काटकसर येथवरच. लिथियम बॅटरीच्या चार्जरवर पैसे वाचवणे म्हणजे आगीला निमंत्रण.

जुन्नर आणि लगतच्या आंबेगाव तालुक्यात आणखी एक पथ्य आहे, ते लहरींचे. दुर्बिणीच्या ३० पैकी १४ थाळ्या खोडदला एकवटल्या असल्या, तरी उरलेल्या सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या तीन बाहूंवर विखुरल्या आहेत. साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले अवकाशातून येणारे अत्यंत क्षीण संदेश त्या टिपतात. २.४ गिगाहर्ट्झचा नेहमीचा रिमोट या पट्ट्याबाहेरचा. परंतु लांब पल्ल्यासाठी विकले जाणारे ४३३ किंवा ९१५ मेगाहर्ट्झचे संच आणि १.२ गिगाहर्ट्झचे चित्रप्रक्षेपक थेट त्यातच पडतात. स्वस्त मिळाले म्हणून ते या भागात वापरणे म्हणजे खगोलशास्त्रज्ञांच्या कानाशी ढोल बडवणे. मोटर आणि तिचे नियंत्रक सर्किटही थोडाफार रेडिओ-गोंगाट करतात. थाळ्यांच्या आसपास विमान उडवूच नये.

२०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण वा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींचा स्वतंत्र उल्लेख असून त्यांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. तरीही मैदान निवडण्यापूर्वी 'डिजिटल स्काय'वरील हवाई क्षेत्राचा नकाशा पाहणे आवश्यक. आणि मैदान उसापासून दूर असावे. या दोन्ही तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्याचा वावर असतो. सायंकाळी फडात पडलेले विमान सकाळपर्यंत तेथेच राहू द्यावे.