सोन्याची मुरली

संस्कृतात ‘वंश’ म्हणजे वेळू आणि ‘वंश’ म्हणजेच मुरली. परंतु पॅरिसच्या लुई लो नामक कारागिराने इ. स. १८६९ मध्ये घडविलेली, १३७५ क्रमांकाची मुरली नखशिखांत सोन्याची! तीस वंश कसे म्हणावे, हा आम्हांस प्रश्नच आहे.

तिची मूळ कल्पना म्युनिकच्या ब्योमची. हा वादक सोनारकामही शिकलेला होता. १८४७ साली त्याने जी मुरली सिद्ध केली, तीत छिद्रे बोटांच्या सोयीने न पाडता नादशास्त्राच्या हिशेबाने पाडली. साहजिकच ती बोटांनी झाकेनात. म्हणून झाकण्या व दांड्या आल्या. लोने १८५५ मध्ये स्वतंत्र दुकान थाटले आणि १८६० साली पॅरिसच्या संगीतविद्यालयाने हीच पद्धत स्वीकारली.

लोच्या मुरल्या बहुधा चांदीच्या. पातळ पत्रा वळवून नळी करावयाची, सांधा झाळून मिटवावयाचा, मग फुंकरीच्या छिद्राची कड हाताने कोरावयाची. सारा जीव त्या कडेत! तेथे केसभर अधिकउणे झाले की नाद पालटतो. मात्रा चुकल्याने शब्द पालटावा तसा.

ही सोन्याची मुरली १९४८ मध्ये एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे सुटी होऊन पडली होती. त्याच्या लेखी ती केवळ सोने. वितळविण्याचाच त्याचा बेत होता. जाँ-पिएर रांपाल या तरुण वादकास हे कळले. घरच्यांच्या साहाय्याने पैसा उभा करून त्याने ती सोडविली, जुळवून घेतली, आणि पुढे सुमारे दहा वर्षे तीच वाजविली.