वस्तऱ्याचे पाणी

खानदेशात आठवड्याच्या बाजाराला गेलात, तर रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेले घिसाडी कुटुंब आजही कुठे कुठे दिसते. एक जण भाता चालवतो, दुसरा सांडशीत लोखंड धरतो, तिसरा घण घालतो. विळा, कुऱ्हाड, वखराची पास आपल्या डोळ्यांदेखत तयार होते. या सगळ्या सरंजामात एक वस्तू मात्र दिसत नाही, ती म्हणजे तापमापक! तरीही पोलादाला 'पाणी' देताना तापमानाचा अंदाज चुकून चालत नाही. ताव कमी पडला तर धार टिकत नाही. पाते नुसते कडक करून सोडले तर ते काचेसारखे तुटते. मग हे तापमान मोजतात कसे?

उत्तर सोपे आहे : रंगावरून. पण हे रंग एका प्रकारचे नसून दोन प्रकारचे असतात, आणि त्यांची कारणे अगदी वेगवेगळी आहेत. ती समजावीत म्हणून आपण सर्वांत नाजूक हत्यार घेऊ. ते म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. विळ्याची धार बोथट झाली तर गवत नीट कापले जात नाही, एवढेच. वस्तरा माणसाच्या गळ्यावरून फिरतो.

पोलाद आणि आकार

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. साहजिकच तेथे ट्रकच्या कमानींचे जुने पाटे भंगारात मिळतात. त्यांत अर्धा टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो. कुऱ्हाडीला तो पुरतो, पण वस्तऱ्याला एक टक्क्याच्या आसपास कार्बन हवा. म्हणून घरच्या पडवीत वस्तरा करू पाहणारा हौशी कारागीर झिजलेली जुनी कानस शोधतो. कानस मुळातच कडक असते. ती लाल तापवून रात्रभर राखेत पुरून सावकाश निवू दिली, की मऊ होते. मग तिला कापता येते, भोक पाडता येते, घासून आकार देता येतो.

या आकारात एक सुंदर भूमिती आहे. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि धार लावताना पाठ व धार दोन्ही दगडावर टेकवतात. समजा, पाठीची जाडी ४.५ मिलिमीटर आणि पात्याची रुंदी १६ मिलिमीटर आहे. अर्ध्या जाडीला रुंदीने भागले, तर २.२५ ÷ १६ म्हणजे सुमारे ०.१४ येतात. ज्या कोनाची साइन ०.१४ आहे तो कोन सुमारे ८ अंशांचा. दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन झाला १६ अंश. पाठ दगडावरून उचलली नाही, की हा कोन आपोआप राखला जातो.

पहिला रंग : तापलेल्या पोलादाचा

आकार झाला, आता पाणी द्यायचे. पाते भट्टीत धरले की काही वेळाने ते अंधूक लाल दिसू लागते. घन पदार्थ सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला दृश्य प्रकाश देऊ लागतात, हे जॉन ड्रेपर या शास्त्रज्ञाने १८४७ साली दाखवले. तापमान वाढते तसा प्रकाशातील कमी तरंगलांबीच्या लहरींचा वाटा वाढतो आणि रंग लालावरून नारिंगी, मग पिवळा होतो. हा पात्याचा स्वतःचा प्रकाश आहे. जळगावच्या वैशाखातल्या उन्हात मात्र तो डोळ्यांना कळणार नाही. म्हणून भट्टी आडोशाला, सावलीत हवी.

डोळ्यांच्या साक्षीला लोहचुंबकाची जोड देता येते. अशा पोलादात सुमारे ७३० अंशांना लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते आणि चुंबक त्याला ओढेनासा होतो. नव्या मांडणीत कार्बनचे अणू सहज सामावतात. ओढ थांबल्यावर पाते आणखी थोडे, म्हणजे ७८० अंशांच्या आसपास तापवून चटकन तेलात बुडवतात. (बुडवतात तेलात, तरी म्हणायचे 'पाणी'च!) सावकाश निवले असते, तर कार्बन वेगळा होऊन बसला असता. एकदम निवल्यामुळे तो आत कोंडला जातो आणि अणूंची मांडणी ताणली जाते. अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकत नाहीत, म्हणून पोलाद अतिशय कडक होते. या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात.

दुसरा रंग : पापुद्र्याचा

पण असे पाते ठिसूळ असते. खाली पडले तरी तुटेल. त्याचा कडकपणा किंचित उतरवावा लागतो. त्यासाठी पाते घासून चकचकीत करतात आणि पुन्हा, पण बेताने, तापवतात. सुमारे २०० ते २३० अंशांना त्यावर वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग चढतो. तापवत राहिले तर २५५ च्या सुमारास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. वस्तऱ्यासाठी फिकट पिवळ्यावर थांबायचे. निळा रंग स्प्रिंगला चांगला; वस्तऱ्याला तो चढला तर त्याचे पाणी उतरले म्हणून समजा. म्हणूनच पुढे चाकावर घासताना पाते वारंवार बादलीत बुडवतात.

आता विचार करा. ५२५ अंशांखाली पोलाद दिसेल असा प्रकाश देत नाही, मग २२० अंशांना हा पिवळा रंग आला कोठून? तापल्यावर पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि काही रंग खोडले जातात. आधी निळा खोडला जातो, म्हणून पाते पिवळे दिसते. पापुद्रा जाड झाला की लाल-पिवळा भाग खोडला जातो आणि निळा उरतो. साबणाच्या फुग्यावर किंवा डबक्यावरील तेलाच्या तवंगावर दिसतात तेच हे व्यतिकरणाचे रंग. रॉबर्ट हूक याने १६६५ सालच्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात सूक्ष्मदर्शकाखालच्या वस्तऱ्याच्या धारेचे वर्णन केले आहे आणि पोलादावरच्या या रंगांचाही विचार केला आहे.

पुढे मायकेल फॅरडे यानेही जेम्स स्टोडार्ट या हत्यारे बनवणाऱ्या कारागिराबरोबर भारतातील 'वुट्झ' पोलादाचा अभ्यास केला. त्यांचे निबंध १८२० आणि १८२२ साली प्रसिद्ध झाले. या प्रयोगांतील मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडे मित्रांना भेट देत असे!

केस मऊ, तरी धार जाते

केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरी दाढी करून धार बोथट होतेच. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष केस कापून याचे कारण शोधले. केस वाकून धारेवर तिरपा आला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची रचना असमान असली, तर धारेचा बारीक टवका उडतो. म्हणजे कडकपणाइतकेच महत्त्व एकसारखेपणाला आहे. आणि तो पाणी देतानाच साधावा लागतो.

सलूनमध्ये आता रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीमुळे दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड लावतात, आणि ते योग्यच आहे. जुना वस्तरा हौशी लोकांच्या कार्यशाळेत उरला. त्यामागची विद्या मात्र प्रत्येक छिन्नीत, ड्रिलमध्ये आणि स्प्रिंगमध्ये कामाला येते.

करून पाहा

वस्तरा करण्याचे काम तुमचे नव्हे. पण त्याचे सारे भौतिकशास्त्र तीन सुयांत पाहता येते. प्रयोग शिक्षकांसमोरच करा, डोळ्यांवर चष्मा लावा, सुई चिमट्यात धरा. पहिली सुई स्पिरिटच्या दिव्यावर लाल करून ज्योतीतून अगदी सावकाश बाहेर काढा. दुसरी लाल करून तत्काळ पाण्यात टाका. सुई हवेतही लगेच निवते, म्हणून पाण्याची वाटी दिव्याजवळच ठेवा. तिसरी दुसरीसारखीच करा, मग पॉलिश कागदाने चकचकीत करून ज्योतीच्या बरीच वर धरा आणि निळी होताच बाजूला घ्या. निवल्यावर तिन्ही सुया जाड फडक्यात धरून वाकवा. पहिली वाकून तशीच राहील, दुसरी कट्‌कन मोडेल, तिसरी वाकून पुन्हा सरळ होईल.

शेवटी खोलीत अंधार करा. लाल तापलेली सुई दिसते, निळी सुई दिसत नाही. उजेडात पाहिले, तर लाल रंग सुई निवताच गेलेला असतो, निळा मात्र तसाच राहतो. असे का, ते आता तुम्हीच वहीत लिहा.