दरड कोसळल्यावरचे पहिले काही तास

हिमालयात किंवा युरोपातील आल्प्स पर्वतात बर्फाचा प्रचंड थर कड्यावरून सुटतो आणि वाटेतील माणसांना गाडून टाकतो, त्यास हिमलोट म्हणतात. या आपत्तींच्या अभ्यासातून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. पूर्णपणे गाडल्या गेलेल्या माणसांस पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढल्यास दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटून गेल्यावर हीच संख्या तिघांच्या आसपास येते. एवढ्या अवधीत पायथ्याहून पथक वर पोहोचणे बहुधा अशक्यच. म्हणून तिकडे बर्फात जाणारे लोक संदेश देणारे छोटे यंत्र, टोचून पाहण्याची लांब सळई आणि फावडे बरोबर बाळगतात. सोबती गाडला गेला तर सोबत्यानेच त्यास शोधावे, असा तेथील रिवाज आहे.

पेण व रोहा तालुक्यांत बर्फ नाही. परंतु डोंगर आहेत, डोंगरांच्या कुशीत कातकरी व ठाकूर बांधवांच्या वाड्या आहेत आणि आषाढ-श्रावणातील पाऊस आहे. २००५ सालच्या जुलै महिन्यात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडीवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या वेळी महाड शहर व आसपासचे रस्ते पुराच्या पाण्याखाली होते. बाहेरची पथके घटनास्थळी पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला. मधल्या वेळात जे काही झाले ते आजूबाजूच्या गावकऱ्यांनी केले. पुणे जिल्ह्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी सकाळी गाव गाडले गेले, तेव्हा ही वार्ता बाहेर पोहोचली ती एस.टी.च्या एका चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या त्या गृहस्थास गाव जागेवर दिसले नाही.

पेण तालुक्याला लागूनच असलेल्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीची हकीकत शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक समजून घ्यावी अशी आहे. इर्शाळगडाच्या उतारावरील ही ठाकूरवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नाव नव्हते. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. चिखलातून तासाभराहून अधिक चढण. खोदकामाची यंत्रे वर नेता आली नाहीत, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाही, आणि चढण चढताना अग्निशमन दलाच्या एका कर्मचाऱ्यास प्राणास मुकावे लागले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, परिसरातील गिर्यारोहक व ग्रामस्थ यांनी फावडे, कुदळ आणि घमेली घेऊन हातानेच माती उपसली. त्या रात्री काही मुले वाडीतील शाळेच्या इमारतीत होती, म्हणून ती वाचली, आणि खाली खबर गेली तीही त्यांच्याकडून.

पथकांपुढील सर्वांत बिकट प्रश्न मात्र मातीचा नव्हता. मातीखाली किती माणसे आहेत आणि ती कोठे आहेत, हे कोणासच नक्की सांगता येत नव्हते. प्रारंभी बेपत्ता म्हणून सांगितलेली संख्या शंभराच्या वर होती. पुढे एकेक नाव कमी होत गेले. कोणी बाहेरगावी कामास होता, काही मुले आश्रमशाळेत होती. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २२८ रहिवाशांपैकी २७ जणांचे मृतदेह हाती लागले होते, ५७ जण बेपत्ता होते आणि १४४ जणांचा ठावठिकाणा लागला होता. हा हिशेब पुरा होण्यास चार दिवस लागले. जो माणूस मुळी मातीखाली नाहीच त्याच्यासाठी खणण्यात गेलेला वेळ दुसऱ्याच्या वाट्याचा असतो.

असा हिशेब तयार ठेवू शकेल अशी व्यक्ती बहुतेक वाड्यांत एकच असते, आणि ती म्हणजे शाळेचा शिक्षक. पटनोंदणीसाठी तो घरोघर फिरलेला असतो. कोणाची मुलगी आश्रमशाळेत आहे, कोणते कुटुंब वीटभट्टीवरून अजून परतलेले नाही, लावणीच्या दिवसांत कोण शेतावरच मुक्कामाला असतो, हे त्यास ठाऊक असते. हीच माहिती जून महिन्यात एका कागदावर घरवार उतरवावी व पावसाळ्यात दर पंधरवड्यास दुरुस्त करावी. घरात रात्री झोपणारी माणसे किती, हा रकाना महत्त्वाचा. शिधापत्रिकेवरील संख्या येथे उपयोगी नाही.

एक अडचण उघड आहे. पुष्कळ शिक्षक मुक्कामास पेण, नागोठणे किंवा रोहा येथे असतात, आणि दरड रात्रीही कोसळते. कागद शाळेच्या कपाटात राहिला तर तो शाळेबरोबरच गाडला जाण्याचा संभव आहे. तेव्हा एक प्रत शिक्षकाच्या राहत्या घरी, एक ग्रामपंचायतीत, आणि एक खालच्या गावातील विश्वासू माणसाकडे असावी.

नकाशाचेही तेच. माती पसरल्यावर घर कोठे होते ते ओळखता येत नाही. वाचलेल्या माणसांनी, शोकाच्या भरात, बोटाने जागा दाखवाव्या लागतात. परिसर अभ्यासाच्या तासाला मुले आपल्या वाडीचा नकाशा काढतातच. त्यात देऊळ, विहीर व फुले काढून न थांबता प्रत्येक घर, त्याचे दार कोणत्या दिशेस, आणि वरचा ओढा कोठून उतरतो, हेही काढवून घ्यावे. जमिनीला पडलेली नवी भेग, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, अडू लागलेली दारे या खुणा मुलांच्या नजरेस मोठ्यांच्या आधी पडतात. अशी खूण दिसली आणि पाऊस लागून राहिला, तर वाडी रिकामी करण्याबाबत पोलीस पाटील व तलाठी यांच्याशी त्याच दिवशी बोलावे.

दरड कोसळल्यानंतर पहिल्या धावपळीत घडणाऱ्या दोन चुका अनुभवी पथके नेहमी सांगतात. सर्वजण एकदम ढिगाऱ्यावर चढतात. त्यामुळे खालच्या पोकळ्या दबतात, आणि वरून पुन्हा माती आली तर मदतीस आलेलेच सापडतात. एकाने डोंगराकडे तोंड करून केवळ पहारा करावा. दुसरी चूक गोंगाटाची. माळीण येथे तीन महिन्यांचे मूल आईसह जिवंत निघाले, ते त्याचे रडणे ऐकू आले म्हणून. ठराविक वेळाने सर्वांनी काम थांबवून कान देणे हाही कामाचाच भाग आहे. बघ्यांची गर्दी येथे फारच अपाय करते. इर्शाळवाडीत तिला अखेर मज्जाव करावा लागला.

खबर देताना जिल्हा नियंत्रण कक्षास १०७७ या क्रमांकावर वाडीचे व तालुक्याचे नाव, वाहन कोठपर्यंत येते, तेथून चढण किती वेळाची आणि त्या रात्री वाडीत किती माणसे होती, एवढे सांगावे. वाट दाखविण्यासाठी एक माणूस वाहन थांबते तेथे उभा करावा. अंधारात व धुक्यात चुकलेल्या वाटेवर पथकाचा बराच वेळ जातो.