फुगणारा खडक

बोगदा म्हटला की छत कोसळण्याची भीती आधी मनात येते. परंतु काही डोंगरांत संकट खालून येते. बोगद्याचा तळच वर उचलला जातो! स्वित्झर्लंडमधील जुरा पर्वतातला बेल्खेन बोगदा पाहा. सुमारे ३ किलोमीटर लांबीचा हा रस्त्याचा जोडबोगदा १९७० साली खुला झाला. पण बांधकाम चालू असतानाच त्याचा तळ फुगू लागला होता.

असे का व्हावे? तेथील काही थरांत चिकणमातीची खनिजे भरपूर आहेत. (जोडीला असलेले अ‍ॅनहायड्राइट पाणी घेऊन जिप्सम बनते, तेव्हाही आकारमान वाढते.) फुगणाऱ्या चिकणमातीतले प्रमुख खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. आपल्या काळ्या जमिनीतही ते असते. म्हणून ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. त्याचा कण म्हणजे पापुद्र्यांची चळत. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यांच्यामध्ये सोडियम, कॅल्शियम यांचे धन आयन असतात. हे आयन पाण्याचे रेणू ओढून घेतात व पापुद्रे दूर सरकतात. पाण्याचे दोन थर शिरले, की चळतीची जाडी सुमारे दीडपट होते.

मग हा खडक कोट्यवधी वर्षे स्वस्थ कसा राहिला? वरच्या डोंगराच्या भाराने तो दाबलेला होता. बोगदा खणताच तेथला भार नाहीसा होतो आणि पाण्यालाही वाट मिळते. जागा असेल तर खडक फुगतो. अडवला तर रेटा देतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम झाला, तर एक चौरस मीटर फरशीवर १०० टनांचा रेटा येतो! पाणी तळाशी साचते, शिवाय सपाट फरशीला कमानीचे बळ नसते; म्हणून मार तळालाच अधिक बसतो.

यावर अभियंते तीन उपाय योजतात: तळाशी पाणी साचू न देणे, तळालाही उलटी कमान बांधणे, किंवा फरशीखाली दबणारा थर ठेवून खडकाला थोडे फुगू देणे. थोडे फुगू दिले, की दाब पुष्कळ उतरतो. बेल्खेनच्या जुन्या बोगद्यांची दुरुस्ती करता यावी म्हणून मात्र तिसरा बोगदा खणावा लागला. तो २०२२ साली खुला झाला.

हे फुगणे शाळेतही मोजता येईल. दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम वाळवून चाळलेली काळी माती घ्या. एकात १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरा व ढवळा. (जवळ ज्योत नको.) २४ तासांनी दोन्हींतील मातीची पातळी वाचा. रॉकेलात माती का फुगत नाही, याचे उत्तर वरील आयनांपाशीच सापडेल!