जाब विचारायचा, पण कोणत्या महिन्यात?

दवाखाना आपल्या गावाचा : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण आरोग्ययंत्रणेची उतरंड पाहिली. सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांना. उपकेंद्र ५ हजारांना किंवा ३ हजारांना. कोणत्या पायरीवर कोण बसतं आणि वरून औषध खाली कसं येतं, हे त्यात आलं. या वेळी उलटा प्रवास पाहू. गावातल्या माणसाचं म्हणणं खालून वर कसं जातं? आणि वर पोचलंच, तर पुढे त्याचं काय होतं?

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसता तत्त्वाचा राहत नाही. १६ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार २७ लाखांवर लोकवस्ती. वणीकडे कोळशाच्या खाणी, उमरखेडला पैनगंगेच्या अभयारण्यातला बंदी भाग, केळापूर-झरीकडे कोलामांचे पोड, पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे आणि जिल्हाभर पसरलेला कापूस. झरी-जामणी, केळापूर भागातल्या कित्येक गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पुसदच्या माणसाचं दुखणं वेगळं, झरीच्या माणसाचं वेगळं. मुंबईत बसून आखलेलं एकच वेळापत्रक दोघांना पुरत नाही. कुठे काय दुखतंय, हे आधी तिथल्या लोकांना कळतं.

समिती आहे, बैठक कुठे आहे?

लोकांना आरोग्यसेवेत बोलू द्यावं, ही कल्पना नवी नाही. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ साली भोर समितीनं देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा दिला, तेव्हाच गावोगावी पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी, असं सुचवलं होतं. पुढची कित्येक वर्षं ती शिफारस कागदावरच राहिली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावपातळीवरच्या समितीला पहिल्यांदा नाव, खातं आणि पैसा मिळाला. तीच आज ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती म्हणून ओळखली जाते.

केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या समितीत किमान १५ जण हवेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया. अध्यक्षपद ग्रामपंचायतीच्या सदस्याकडे, शक्यतो महिलेकडे. समितीला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंध निधी मिळावा, असं ठरलं. अबंध म्हणजे कुठल्याही एका योजनेला न बांधलेला. गावाला गरज वाटेल तिथे तो खर्चावा. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला गाडीभाडं हवं असो, की कुपोषित पोराला तालुक्याला हलवायचं असो, मंजुरीसाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागू नये, हा त्यामागचा हेतू.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर रुग्ण कल्याण समिती आहे. अबंध निधी, देखभाल निधी आणि समितीचं अनुदान मिळून एका केंद्राला वर्षाला पावणेदोन लाखांचं प्रमाण अभियानानं ठरवलं होतं. अलीकडे उपकेंद्रांची ‘आरोग्य मंदिरं’ झाली आणि तिथे जन आरोग्य समिती आली. एकाच गावच्या दवाखान्याभोवती आज तीन-तीन समित्या उभ्या आहेत.

म्हणजे समित्यांची वाण नाही, बैठकांची आहे. गावच्या राजकारणाचा ज्याला थोडाफार अनुभव आहे, त्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात, बैठक ‘संपन्न’ होते. मार्च तोंडावर आला की फिनेल, ब्लीचिंग पावडर, खुर्च्या आणि सतरंज्यांची बिलं जोडली जातात. आपण समितीत आहोत, हे काही सदस्यांना कोणी विचारल्यावरच कळतं. यात लबाडी असेलच असं नाही. बहुतेक ठिकाणी बैठकीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं कोणावर बंधनकारकच नसतं. उत्तर मिळत नाही, तिथे माणूस एकदा जातो, दोनदा जातो, तिसऱ्यांदा शेतात जातो.

शेजारच्या अमरावतीत काय घडलं

उत्तर देणं बंधनकारक केलं तर काय होतं, याचा सर्वांत मोठा अनुभव महाराष्ट्रातच, तोही आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. २००७ मध्ये देशातल्या नऊ राज्यांत ‘लोकाधारित देखरेख’ ही प्रक्रिया प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडले गेले. राज्यपातळीवर समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता, तर अमरावतीत मेळघाटात काम करणाऱ्या ‘खोज’ संस्थेनं जबाबदारी घेतली. यवतमाळ त्या पहिल्या पाचांत नव्हता.

रचना साधी होती. प्रत्येक जिल्ह्यातले तीन तालुके, तालुक्यातली तीन आरोग्य केंद्रं, प्रत्येक केंद्राखालची पाच गावं. पाच जिल्ह्यांत मिळून २२५ गावं. गावची समिती प्रश्नावली घेऊन बसायची. नर्सताई ठरल्या दिवशी आल्या का? लसीकरण झालं का? दवाखान्यात औषध मिळालं की चिठ्ठी देऊन बाहेर पाठवलं? पैसे मागितले का? उत्तरांवरून प्रत्येक सेवेला रंग मिळायचा: चांगली असेल तर हिरवा, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही आपल्या गावचं प्रगतिपुस्तक भिंतीवर बघता यायचं.

खरा फरक पडला तो जनसुनवाईनं. गावांनी गोळा केलेली माहिती आरोग्य केंद्राच्या आणि तालुक्याच्या पातळीवर भर सभेत मांडली जायची. समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि पत्रकार. लोक घडलेली गोष्ट तारखेसह सांगायचे आणि अधिकाऱ्याला तिथेच उत्तर द्यावं लागायचं: हे केव्हा होईल, कोण करेल.

पहिल्या फेरीत, म्हणजे २००८ च्या सुमारास, गावांनी सरासरी ४८ टक्के सेवांना ‘चांगली’ म्हटलं होतं. पुढच्या फेरीत हा आकडा ६१ वर आणि त्यापुढच्या फेरीत ६६ वर गेला. औषधसाठ्याचे फलक लागले, बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, नर्सताईंच्या फेऱ्या नियमित झाल्या. पुढे ही प्रक्रिया १३ जिल्ह्यांपर्यंत पोचली.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट दिसल्या. जे प्रश्न केंद्राच्या किंवा तालुक्याच्या हातात होते, ते सुटले. डॉक्टरांची रिक्त पदं आणि राज्यपातळीवरची औषधखरेदी हे विषय जनसुनवाईत कितीही वेळा निघाले तरी तिथल्या अधिकाऱ्याच्या हाती काहीच नव्हतं. शिवाय संस्थेचा कार्यकर्ता गावात येत असेपर्यंतच समिती हलायची. अनुदान आटलं की पुन्हा रजिस्टर घरोघरी फिरायला लागायचं. सुरुवातीला काही डॉक्टरांना हा आपल्यावरचा खटला वाटला. जिथे गावानं दोष दाखवण्यासोबत डॉक्टरांच्या अडचणीही सभेत मांडल्या, तिथे तेच डॉक्टर गावाच्या बाजूनं वर पत्रं लिहू लागले.

कारवाई झाली, उत्तर मिळालं का?

आता आपल्या जिल्ह्यातलं एक प्रकरण घेऊ. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवलं आणि सुदैवानं सगळी बरी झाली. देशभर बातमी गाजली, तिघांवर कारवाईची घोषणा झाली आणि विषय मिटला.

गावाच्या दृष्टीनं मात्र तो तिथे मिटायला नको होता. बूथवर लशीची कुपी आणि सॅनिटायझर एकाच टेबलावर कसं? थेंब पाजणाऱ्याला शेवटचं प्रशिक्षण कधी मिळालं? पुढच्या फेरीत वेगळं काय करणार? हे प्रश्न विचारणं म्हणजे कोणाची नोकरी मागणं नव्हे. कारवाई वरचा अधिकारी करतो आणि ती एका माणसापाशी थांबते. उत्तर गावानं मागायचं असतं आणि ते पुढच्या रविवारी बूथवर दिसावं लागतं. घटना घडून गेल्यावर संताप व्यक्त करायला समिती लागत नाही. समिती लागते ती घटनेच्या आधी.

फवारणीच्या आधी, की नंतर?

हा ‘आधी’ म्हणजे नेमका कधी, ते २०१७ नं आपल्याला फार महागात शिकवलं. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याबरोबरीनं वाढली होती, किडीचा जोर होता आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी चालली. कीटकनाशकं अंगावर आणि श्वासात गेल्यानं शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यांत दाखल झाले आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात सुमारे वीस जण दगावले. सरकारनं विशेष चौकशी पथक नेमलं, ते सगळं नंतर.

कपाशी यंदा उंच आहे, फवारण्या वाढल्या आहेत, मजूर दिवसाला जास्त पंप मारतायत, ही माहिती सगळ्यांत आधी होती कोणाकडे? गावाकडे. कृषी केंद्राच्या काउंटरवर आणि पारावर ती रोज बोलली जात होती. फक्त ती आरोग्य केंद्राच्या नियोजनात पोचायला कुठलीच वाट नव्हती. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या विषबाधेवर ॲट्रोपिन हे पहिलं औषध. ते केंद्रात पुरेसं आहे का, रुग्ण यवतमाळला हलवायला गाडी कुठून येणार, हे ठरवायचं ते पहिला पंप शेतात जाण्याआधी. पावसाळ्यातल्या सर्पदंशाचं आणि त्यावरच्या प्रतिविषाचंही तसंच.

इथे ग्रामसभेचं कॅलेंडर उपयोगी पडतं. महाराष्ट्रात वर्षाच्या चार ग्रामसभा ठरलेल्या दिवशी होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. १५ ऑगस्टला फवारणीचा विषय काढला तर अर्धा हंगाम गेलेला असतो. तो काढायचा १ मे रोजी, आणि केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा आरोग्य सहायकाला त्या सभेला आधीच निमंत्रण देऊन. २ ऑक्टोबरची सभा वेगळ्या कारणानं मोलाची. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा त्या सुमारास आकार घेऊ लागतो आणि आरोग्य खात्याचं एप्रिलपासूनचं नियोजनही त्यापुढच्या महिन्यांत वर जातं. उपकेंद्राच्या पाण्याची टाकी, फ्लोराइडच्या गावातली पाणी तपासणी, प्रसूतिगृहातली वीज, हे मार्चमध्ये मागून मिळत नाही.

पोडावरच्या बाईला कोण विचारतं?

कोलामांचा पोड मुख्य गावापासून दूर असतो. समितीची बैठक भरलीच तर ती ग्रामपंचायतीत भरते. पोडावरची बाई मजुरी बुडवून तिथे येत नाही आणि आली तरी मागे बसते. नर्सताई ‘गावात’ येऊन गेल्याची नोंद खरी असते. पोडावर त्या गेल्या की नाही, हे त्या नोंदीत दिसत नाही. गावाचा हिरवा रंग पोडाचा लाल रंग झाकू शकतो.

यावर कायद्यात तोड आहे. केळापूर, राळेगाव, मारेगाव, घाटंजी, झरी-जामणी या तालुक्यांतली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार हा कायदा ग्रामसभेला आणि पंचायतीला देतो. दवाखाना त्यातच आला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार वस्ती किंवा पाडा आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो, म्हणजे पोडही मागू शकतो. शिवाय २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट या गावांकडे येतो आणि आरोग्य हा त्याच्या ठरलेल्या बाबींपैकी एक आहे.

अमरावतीत संस्थेच्या बळावर जे घडलं, त्यासाठी इथे कायद्याचं बळ आधीच आहे. उरतो तो कारभार, आणि तो फार अवघड नाही. सभेत प्रश्न विचारला की इतिवृत्तात तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: प्रश्न काय, उत्तर कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या सभेची सुरुवात त्याच पानापासून करायची. उत्तर तालुक्याच्या हातात नसेल, तर तसं लेखी मागायचं. जिल्हा परिषदेत पुढे बोलायला तोच कागद लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या सभेला त्या पानावर जुन्याच तारखा दिसू लागल्या की अडलंय कुठे, हे सगळ्या गावाला एकदम कळतं.

पुढच्या आठवड्यात : गावाचं म्हणणं वर नेणारी आणि वरचे आदेश गावात आणणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे आशाताई. तिला मोबदला कोण देतं, कशाकशाचा देतं आणि त्यामुळे ती गावाची राहते की खात्याची?