क्रॅक

क्रॅक : आयर्लंडच्या बोलभाषेतील एक लोकप्रिय शब्द. गप्पा, थट्टामस्करी, ताजी खबर, गाणेबजावणे आणि चांगल्या संगतीत लाभणारी मौज या सर्व अर्थच्छटा त्यात सामावतात. ‘क्रॅक काय?’ असे भेटताक्षणी विचारले जाते, ते आपल्याकडील ‘काय विशेष?’ या अर्थी. एखाद्या व्यक्तीला ‘चांगला क्रॅक’ म्हटले, तर तिच्या सहवासात वेळ मजेत जातो असे समजावे. हा शब्द मद्यगृहांशी जोडला जात असला, तरी मद्य त्याला आवश्यक नाही. शेजाऱ्याच्या शेकोटीपाशी रंगलेल्या गप्पा हाही क्रॅकच होय.

हा शब्द प्राचीन केल्टिक वारशातील असल्याची समजूत रूढ आहे. ती निराधार होय. कडकड आवाज करणे या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी धातूपासून तो आला. मध्य इंग्रजीत त्याला मोठ्याने बोलणे, बढाई मारणे असे अर्थ प्राप्त झाले आणि उत्तर इंग्लंड व स्कॉटलंड येथे तो गप्पा व वार्ता या अर्थी रुळला. रॉबर्ट बर्न्स (१७५९–९६) व सर वॉल्टर स्कॉट (१७७१–१८३२) यांच्या लेखनात तो याच अर्थाने येतो. स्कॉट्स बोलीचा मोठा प्रभाव असलेल्या अल्स्टर प्रांतातून तो आयर्लंडमध्ये पसरला आणि विसाव्या शतकाच्या मध्यास आयरिश भाषेनेही तो उचलला.

पारंपरिक आयरिश वर्णमालेत अठराच अक्षरे असून तीत ‘के’ नाही. साहजिकच आयरिशमध्ये हा शब्द ‘के’ गाळून व अंत्य ‘सी’पूर्वी ‘आय’ घालून लिहिला जाऊ लागला. १९७० नंतरच्या दशकात शॉन बान ब्रॅनाख यांच्या आयरिश दूरचित्रवाणी-कार्यक्रमात संगीत, संभाषण व क्रॅक यांचे आश्वासन देणारे पालुपद असे. त्यामुळे या लेखनाला प्रसिद्धी मिळाली. पुढे इंग्रजी मजकुरातही तेच लिहिले जाऊ लागले व पर्यटनाच्या जाहिरातींनी ते आयरिशपणाची खूण म्हणून जगभर नेले. वास्तविक शब्द मूळचाच राहिला, वेष तेवढा पालटला. कोशकार डिअरमिड ओ मुरिही यांनी या आयरिशीकरणावर कडक टीका केली. तथापि उसन्या शब्दाला आपल्या वर्णलेखनात बसविणे हा कोणत्याही जिवंत भाषेचा अधिकारच आहे. आक्षेप घ्यावयाचा तर तो त्याच्या कल्पित प्राचीनत्वावर घ्यावा लागेल. इंग्रजी बोलताना दोन्ही रूपांचा उच्चार एकच होतो. उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये जुन्या लेखनासह हा शब्द अद्याप प्रचलित आहे.